पॅरामेशियम ते परळ : हाफकिन नावाचा झूलॉजीवाला

तुमच्यापैकी जे झूलॉजीला आहेत त्यांनी माशाच्या रक्ताची स्लाइड बघितली असेल. लांबट, अंड्याच्या आकाराच्या लाल पेशी आणि प्रत्येकीच्या मधोमध गडद ठिपका. तो ठिपका म्हणजे केंद्रक. आपल्या रक्तातल्या लाल पेशी तयार होताना केंद्रक टाकून देतात. मासे, बेडूक आणि पक्ष्यांच्या पेशी ते जपून ठेवतात. जर्नलमध्ये हा फरक आपण दोन ओळींत लिहितो आणि पुढच्या प्रॅक्टिकलला लागतो.

पण त्या ठिपक्यामुळे बराच फरक पडतो. केंद्रक आहे म्हणजे जनुकं आहेत, आणि गरज पडली तर ती पेशी नवी प्रथिनं बनवू शकते. गेल्या पंधराएक वर्षांत रेनबो ट्राऊट आणि सॅमन या माशांवर झालेल्या संशोधनातून दिसलं की विषाणूची चाहूल लागली की या लाल पेशी स्वस्थ बसत नाहीत. त्यांच्यात विषाणूविरोधी जनुकं चालू होतात, इंटरफेरॉनशी संबंधित यंत्रणा कामाला लागते. सॅमनमध्ये तर एक विषाणू थेट लाल पेशीतच घर करतो आणि ती पेशी त्याला उलट उत्तर देते. म्हणजे शाळेपासून आपण जिला फक्त ऑक्सिजन वाहणारी हमाल समजत आलो, ती माशांमध्ये पहारेकऱ्याचंही काम करते. आपल्या लाल पेशीही अगदीच निरुपयोगी नाहीत बरं का. जंतू आणि अँटिबॉडी यांची गुंतवळ पाठीवर घेऊन त्या ती यकृताकडे पोचवतात. फक्त केंद्रक नसल्यामुळे त्यांना माशांच्या पेशींसारखं नवं हत्यार घडवता येत नाही.

शरीराचा पहारा नक्की कोण करतं, हा प्रश्न तसा जुना आहे. त्याचं पहिलं मोठं उत्तर पाण्यातल्याच एका प्राण्याने दिलं. आणि ते उत्तर शोधणाऱ्या प्राध्यापकाचा एक विद्यार्थी पुढे मुंबईत आला. त्याचं नाव तुम्ही शंभर वेळा ऐकलंय. परळला त्याच्या नावाची संस्था आहे, पण तो माणूस कोण होता हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं. वाल्डेमार हाफकिन. डॉक्टर नव्हता, तुमच्यासारखाच झूलॉजीवाला होता.

ओडेसाचा विद्यार्थी

हाफकिनचा जन्म १५ मार्च १८६० चा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं, आज युक्रेनमध्ये आहे. घर ज्यू, वडील व्यापारी. १८७९ मध्ये तो ओडेसाच्या विद्यापीठात दाखल झाला आणि तिथे त्याला शिकवायला होते इल्या मेचनिकोव्ह.

या मेचनिकोव्हची गोष्ट थोडक्यात सांगायलाच हवी. १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना इथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत एक काटा टोचला. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर त्या काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. परक्या वस्तूला गिळायला पेशी धावून येतात, हा भक्षक पेशींचा सिद्धान्त तिथून सुरू झाला. पुढे डॅफ्निया या पाण्यातल्या इवल्याशा जीवात त्यांनी बुरशीशी पेशींची लढाई चाललेली पाहिली. या कामासाठी १९०८ चं नोबेल त्यांना पॉल एर्लिच यांच्यासोबत विभागून मिळालं. एर्लिच यांचा भर पेशींवर नव्हता, रक्तद्रवातल्या घटकांवर होता. दोघांच्या बाजूंमध्ये वर्षानुवर्षं वाद चालला आणि शेवटी दोघंही बरोबर ठरले.

हाफकिन अशा सरांच्या हाताखाली तयार झाला. पण कॉलेजचे दिवस काही सुखाचे नव्हते. १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली आणि त्याचा राग ज्यू वस्त्यांवर निघाला. दंगली झाल्या. हाफकिन आपल्या लोकांच्या बचावासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत होता. जखमी झाला, अटकही झाली. मेचनिकोव्ह सरांनी खटपट केली म्हणून सुटला. पुढे शिक्षण पूर्ण झालं तरी प्राध्यापकी मिळेना. ख्रिस्ती धर्म स्वीकारला असता तर वाट मोकळी झाली असती. त्याने नकार दिला आणि ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात साधी नोकरी करत राहिला. तेव्हा त्याचं वय तुमच्यापेक्षा तीन-चार वर्षांनी जास्त असेल.

लायब्ररीतली नोकरी

१८८८ मध्ये तो देश सोडून जिनिव्हाला गेला आणि पुढच्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पोचला. मेचनिकोव्ह सर तिथे आधीच होते. पण जागा रिकामी होती फक्त लायब्ररीत. म्हणून डॉक्टरेट झालेला हा माणूस पुस्तकं लावायला बसला. मोकळ्या वेळात व्हायोलिन वाजवायचा आणि लॅबमध्ये आपलं काम करायचा.

कसलं काम? पॅरामेशियमचं. तेच पॅरामेशियम, जे आपण डबक्यातल्या पाण्याच्या थेंबात शोधत बसतो. हाफकिनला दिसलं की या एकपेशीय जीवालाही संसर्गजन्य रोग होतो. त्याच्या केंद्रकात घुसणाऱ्या जीवाणूला त्याने १८९० मध्ये होलोस्पोरा असं नाव दिलं. ते नाव आजही चालतं. एका पेशीचा जीव आजारी पडतो आणि कधीकधी आजारातून वाचतोही, हे बघता बघता तो माणसांच्या आजारांकडे वळला.

तेव्हा युरोपात कॉलरा पसरत होता, आपल्या आजीच्या भाषेत पटकी. हाफकिनने गिनीपिगवर काम करून कॉलऱ्याच्या जंतूचे दोन प्रकार तयार केले, एक सौम्य आणि एक तीव्र. आधी सौम्य टोचायचा, काही दिवसांनी तीव्र. प्राण्यांवर जमलं. माणसावर करायचं तर पहिला माणूस कोण? १८ जुलै १८९२ ला त्याने ती लस स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, दुखलं, आणि तो बरा झाला. मग मित्रांनीही टोचून घेतली.

कलकत्त्याची वस्ती

कॉलरा सगळ्यात जास्त माणसं मारत होता ती हिंदुस्थानात. म्हणून १८९३ मध्ये तो कलकत्त्याला उतरला. अडचणी दोन होत्या. एक म्हणजे तो रशियाचा, त्यामुळे हेर तर नाही ना असा इंग्रज अधिकाऱ्यांना संशय. दुसरी म्हणजे तो डॉक्टर नाही, मग सरकारी वैद्यकीय खात्यातल्या साहेबांनी त्याचं का ऐकायचं?

१८९४ मध्ये कलकत्त्याच्या कट्टल बागान वस्तीत कॉलरा आला. लोक सुईला घाबरत होते आणि त्यात चूक काही नव्हती. परका माणूस येऊन निरोगी शरीरात काहीतरी टोचतो म्हणाला तर तुम्ही तरी हात पुढे कराल का? तेव्हा चार स्थानिक डॉक्टरांनी लोकांसमोर आधी स्वतःला टोचून घेतलं. मग साधारण दोनशे जणांच्या त्या वस्तीतल्या ११६ जणांनी लस घेतली. पुढे तिथे कॉलऱ्याचे १० रुग्ण झाले. दहाही जण लस न घेतलेले होते.

एकाच वस्तीत, एकाच पाण्यावर जगणाऱ्या दोन गटांची अशी तुलना करणं, हे हाफकिनचं मोठं काम आहे. आज आपण लसीच्या चाचणीत कंट्रोल ग्रुप हा शब्द सहज वापरतो. हाफकिन ते झोपडपट्टीत आणि चहाच्या मळ्यांत उन्हातान्हात फिरून करत होता. त्यातच त्याला मलेरिया झाला आणि १८९५ मध्ये त्याला परत जावं लागलं. तोवर सुमारे ४२ हजार लोकांना लस टोचून झाली होती.

मुंबईत प्लेग

आता आपल्या भागात येऊ. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला. काही महिन्यांत मुंबई रिकामी व्हायला लागली. ज्याला शक्य होतं त्याने रेल्वे किंवा बोट पकडून गाव गाठलं. उल्हासनगर तेव्हा नकाशावरही नव्हतं, ते नाव आलं १९४९ मध्ये. पण अंबरनाथचं शिवमंदिर होतं, बदलापूर होतं आणि आपल्या गावांवरून जाणारी रेल्वे लाइनही होती. त्या लाइनवरून माणसं पळत होती आणि त्यांच्याबरोबर आजारही प्रवास करत होता.

सरकारने १८९७ मध्ये साथरोगाचा कायदा केला. पुण्यात घराघरांत सोल्जर घुसून तपासणी करू लागले. लोकांचा संताप इतका वाढला की २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी १० मार्चला प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. या सगळ्या गदारोळात हाफकिन मुंबईत लस बनवत होता.

ऑक्टोबर १८९६ मध्ये तो आला तेव्हा त्याला ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये एक खोली आणि व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. त्याने बकऱ्याच्या मांसापासून जंतूंचं खाद्य बनवलं, म्हणजे ना हिंदूंना हरकत ना मुसलमानांना. त्या द्रवावर त्याने तुपाचे थेंब तरंगत ठेवले. प्लेगचे जंतू तुपाच्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढायचे, गुहेच्या छताला लटकलेल्या चुनखडीच्या सुळक्यांसारखे. फ्लास्क हलवला की ते तळाशी पडायचे आणि वर नवे वाढायचे. पुरेसे झाले की उष्णता देऊन मारायचे. मेलेले जंतू रोग देत नाहीत, पण शरीराला शत्रूची ओळख करून देतात.

१० जानेवारी १८९७ ला त्याने पुन्हा तेच केलं. पुढे लोकांना जेवढी लस द्यायची होती त्यापेक्षा कितीतरी मोठा डोस स्वतःच्या शरीरात टोचून घेतला. जोराचा ताप आला. काही दिवसांत तो उठून कामाला लागला.

महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांना विचारलं गेलं आणि साधारण निम्म्या कैद्यांनी स्वतःहून लस घेतली. निकाल काय लागला? न घेतलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. घेतलेल्यांत दोघांना झाला, एकही मृत्यू नाही. कैद्यांनी दिलेल्या होकाराला किती अर्थ असतो, हा प्रश्न आज आपल्याला पडतो आणि पडायलाच हवा. आजच्या नियमांत अशी चाचणी इतक्या सहज करता येणार नाही.

तुरुंगाबाहेर मात्र विश्वास मिळवावा लागला. खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू आगाखान यांनी लोकांसमोर लस टोचून घेतली, मग त्यांच्या समाजातले हजारो लोक पुढे आले. त्यांनी आपली एक इमारतही प्रयोगशाळेसाठी दिली. जागा तरी पुरेना. शेवटी ऑगस्ट १८९९ मध्ये प्लेग रिसर्च लॅबोरेटरी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. गव्हर्नर राहायचे तो हा बंगला. १८८२ मध्ये तिथे गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी कॉलऱ्याने वारली होती.

बाटली क्रमांक ५३ एन

इथवरची गोष्ट यशाची आहे. पुढची नीट वाचा, विशेषतः तुमच्यापैकी जे बीएस्सीनंतर अंबरनाथ किंवा बदलापूरच्या एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलला जायचा विचार करतायत त्यांनी.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुल्कोवाल गाव, आज पाकिस्तानात. १०७ जणांना प्लेगची लस टोचली. त्यातल्या १९ जणांना एकाच बाटलीतून दिली होती, बाटलीचा नंबर ५३ एन. काही दिवसांनी त्या १९ जणांना धनुर्वात झाला. एकोणीसही गेले. बाकीच्या ८८ जणांना काही झालं नाही.

एकोणीस घरं. हे विसरून ही गोष्ट सांगता येत नाही. त्या लोकांनी परक्या माणसावर विश्वास ठेवून हात पुढे केला होता.

सरकारने चौकशी आयोग नेमला. बाटली परळहूनच दूषित होऊन निघाली असावी, असा आयोगाचा कल होता. त्याला एक आधार मिळाला. जास्त लस लवकर तयार व्हावी म्हणून हाफकिनने पद्धत बदलली होती आणि त्यात कार्बोलिक आम्ल घालणं बंद केलं होतं. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ते चालत होतं, पण इथे तेच त्याच्या अंगावर आलं. त्याला पदावरून दूर केलं आणि १९०४ मध्ये तो हिंदुस्थान सोडून गेला.

चौकशीच्या कागदांतच दुसरी एक नोंद होती. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो नीट निर्जंतुक न करता त्यानेच बूच काढलं. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. शिवाय बाटली उघडली तेव्हा वास तपासला होता, वाईट वास नव्हता. जंतू बंद बाटलीत कित्येक दिवस वाढत राहिले असते तर वास आला असता आणि विष इतकं साचलं असतं की लक्षणंही लवकर दिसली असती. म्हणजे दोष परळच्या लॅबमध्ये नव्हता, गावातल्या त्या टेबलाशी घडला होता.

हे सगळं कागदावर असूनही हाफकिनचं नाव मोकळं व्हायला पाच वर्षं लागली. मलेरियाच्या शोधासाठी नोबेल मिळालेले रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये त्याच्या बाजूने पत्र लिहिलं. त्याच वर्षाअखेर सरकारने त्याला दोषमुक्त केलं. फ्रान्समध्ये ड्रायफस या ज्यू अधिकाऱ्यावरचा खोटा आरोप आदल्याच वर्षी पुसला गेला होता, त्यामुळे लोक दोन्ही प्रकरणांची तुलना करत. हाफकिन ज्यू होता, रशियातून आलेला होता आणि वैद्यकीय खात्याचा नव्हता. यातलं कशाचं किती ओझं त्याच्यावर पडलं हे मोजता येत नाही, पण त्याची बाजू घ्यायला खात्यातून फारसं कुणी उठलं नाही, हे दिसतं.

आता ही नोंदच बघा. त्या दिवशी कुणीतरी चिमटा पडला हे लिहून ठेवलं, म्हणून पाच वर्षांनी का होईना सत्य सापडलं. आणि बाटलीवर नंबर होता, म्हणून १९ मृत्यू एकाच बाटलीपर्यंत नेता आले. उद्या तुम्ही एखाद्या फार्मा कंपनीत ट्रेनी म्हणून लागाल तेव्हा बॅच रेकॉर्ड भरायचा कंटाळा येईल. शिफ्ट संपत आलेली असेल, बदलापूर लोकल पकडायची असेल, आणि हातातून काहीतरी पडलं ते लिहू की नको असं मनात येईल. लिहा. आजच्या लसीच्या कुपीवर रबरी झाकण असतं आणि त्यातून सुई आत जाते, बूच उपटायची वेळच येत नाही. अशा सोयींमागेही मुल्कोवालसारखे अनुभव आहेत.

शेवटची वर्षं

दोषमुक्त होऊन हाफकिन परत आला, पण परळला नाही. तिथली खुर्ची दुसऱ्याला दिलेली होती. त्याला कलकत्त्याला नेमलं, तिथे लस तयार करून लोकांवर चाचण्या घेण्याची मुभा नव्हती. ज्या कामासाठी आयुष्य घातलं तेच काम हातात नाही, अशी काही वर्षं काढून तो वयाच्या पंचावन्नाच्या आसपास निवृत्त झाला. पुढे पॅरिस, मग स्वित्झर्लंडमधलं लोझान. उतारवयात तो आपल्या धर्माकडे अधिक वळला, आणि आपली पुंजी त्याने ज्यू मुलांच्या धार्मिक शिक्षणासाठी ठेवली. लग्न केलं नाही. २६ ऑक्टोबर १९३० ला लोझानमध्ये त्याचं निधन झालं.

त्याच्या हयातीतच, १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळालं. तोवर मुंबईतून प्लेगच्या लसीचे सुमारे २ कोटी ६० लाख डोस बाहेर गेले होते. ती लस परिपूर्ण नव्हती, ताप यायचा, हात दुखायचा आणि संरक्षण सगळ्यांना सारखं मिळायचं नाही. तरी तिने असंख्य माणसं वाचवली. १९६४ मध्ये भारताच्या टपाल खात्याने हाफकिनचं तिकीट काढलं. १९७५ मध्ये लस आणि औषधं बनवायचं काम वेगळ्या महामंडळाकडे गेलं, संशोधन संस्थेकडे राहिलं.

परळ आपल्यापासून लांब नाही. बदलापूरहून किंवा अंबरनाथहून फास्ट पकडून दादर, तिथून स्लो गाडीने पुढचंच स्टेशन. मायक्रोबायोलॉजी किंवा झूलॉजी करणाऱ्यांनी पदव्युत्तर शिक्षणाच्या जागा शोधताना या संस्थेचं नाव यादीत नक्की ठेवावं. तिथे जंतू, विषाणू आणि सापाच्या विषावर वर्षानुवर्षं काम झालंय.

आणि माशांच्या लाल पेशींचं काय? ते काम अजून चालू आहे. मत्स्यशेतीत विषाणूंमुळे टाक्याच्या टाक्या रिकाम्या होतात, म्हणून माशांसाठी लसी बनवणारे संशोधक आता या पेशींकडे नव्याने बघतायत. लसीने त्यांनाही शत्रू ओळखायला शिकवता येईल का, हा त्यांचा प्रश्न आहे. तारामाशाच्या अळीत काटा टोचून जे शोधायला सुरुवात झाली, त्यातला हा एक अजून न सुटलेला भाग. पुढच्या प्रॅक्टिकलला ती स्लाइड समोर आली की घाई करू नका. चाळीस पटीची लेन्स लावा, फोकस नीट करा आणि तो गडद ठिपका जरा वेळ बघत बसा.